रविवारी टाकी धुतली, मंगळवारी मासा मेला

बेल वाजते. दारात सात-आठ वर्षांचं पोर, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीच्या तळाशी आडवा पडलेला मासा. "काका, अजून एक गेला." मागे उभी असलेली आई ओशाळं हसून विचारते, याला काय रोग झाला असेल हो? मी माशाकडे बघतसुद्धा नाही. मी विचारतो, "टाकी शेवटची कधी धुतलीत?"

"परवाच. अगदी लख्ख केली होती."

चिंचवडच्या आमच्या सोसायटीत माझ्याकडे माशांच्या डॉक्टरकीचा मान आपोआप चालत आला आहे. तो मी अकरा मासे मारून कमावला. मुलीच्या वाढदिवसाला १८ इंच लांब, १० इंच रुंद, १२ इंच उंच अशी काचेची टाकी आणली. दुकानदाराने सोबत निळी खडी, झाकण उघडून बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी, एक फिल्टर आणि सहा गोल्डफिश, चार मॉली असे दहा मासे दिले. "संध्याकाळी पाणी भरा, रात्री मासे सोडा, काही होत नाही." आम्ही तसंच केलं.

पुढे दर रविवारी माझा सोहळा असायचा. मासे बादलीत काढायचे, खडी गरम पाण्याने चोळून धुवायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पाणी स्वच्छ येईपर्यंत पिळायचा, काचेला मीठ-लिंबू लावायचं, सगळं पाणी ओतून ताजं भरायचं. टाकी इतकी चमकायची की आलेला पाहुणा आधी तिच्याकडे जायचा. आणि मंगळवारी, फार तर बुधवारी, एखादा मासा वर येऊन तोंड उघडमीट करायला लागायचा. सकाळी तो तरंगत असायचा. मला वाटायचं, धुण्यात कुठेतरी कसर राहिली. पुढच्या रविवारी मी आणखी जोर लावायचो. मेलेल्यांच्या जागी नवे आणायचो आणि तेही त्याच वाटेने जायचे.

मग गणपती आले. आम्ही राजापूरला गावी गेलो, नऊ दिवस. फिल्टर चालू ठेवला, पण खाद्य घालायला कोणी नव्हतं. परतताना मी मुलीची गाडीतच समजूत काढून ठेवली होती. दार उघडलं तर काचेवर हिरवट थर, पाणी किंचित पिवळसर आणि उरलेले तिन्ही मासे टाकीभर मजेत हिंडत होते. दोन महिन्यांत पहिल्यांदाच एका आठवड्यात एकही मासा मेला नव्हता, आणि त्या आठवड्यात मी टाकीला हातही लावला नव्हता.

टाकीतलं विरजण

मासा शी करतो, पण तो मुख्य मुद्दा नाही. मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. उरलेले दाणे कुजतात, त्यांचाही अमोनियाच होतो. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखं नितळ असलं तरी त्यात मासा मरेल इतका अमोनिया असू शकतो, आणि राजापूरहून परतलो तेव्हाच्या माझ्या टाकीसारख्या पिवळट पाण्यात तो शून्य असू शकतो. पाण्याचा रंग बघून निदान करायची सवय आधी सोडा.

नदी-तळ्यात या अमोनियाची विल्हेवाट जिवाणू लावतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. नायट्राइटही विषच. दुसरा गट त्याचं नायट्रेट करतो, आणि नायट्रेट मासे बऱ्यापैकी सहन करतात. पूर्वीच्या पुस्तकांत दुसऱ्या कामाचं श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलेलं असे. १९९८ मध्ये टाक्यांतल्या जिवाणूंचा जनुकीय तपास झाला तेव्हा तिथे हे काम करणारा नायट्रोस्पायरा निघाला. आपल्याला नावं पाठ नसली तरी चालतं. हे जिवाणू राहतात कुठे, ते मात्र माहीत हवं: फिल्टरच्या स्पंजमध्ये, खडीवर, काचेवरच्या बुळबुळीत थरात. पाण्यात तरंगणारे अगदी थोडे.

आता दह्याचा विचार करा. दूध, भांडं, ऊब सगळं आहे, पण विरजण नसेल तर दही लागणार कसं? टाकीचं विरजण स्पंजमध्ये असतं. फरक इतकाच की दही रात्रीत लागतं आणि हे जिवाणू फार सावकाश वाढतात. दुधातल्या जिवाणूंना दुप्पट व्हायला तास-दीड तास लागत असेल, तर यांना जवळपास अख्खा दिवस. म्हणून नवीन टाकी 'लागायला' चार ते सहा आठवडे जातात. मी दर रविवारी हे विरजण क्लोरीनच्या पाण्याने धुऊन मोरीत सोडत होतो आणि सोमवारपासून टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर यायची.

काय झालं ते नंतर, कधी झालं ते आधी

मेलेल्या माशाकडे बघून कारण क्वचितच कळतं. तो मेला कधी, त्याआधी दोन-चार दिवसांत टाकीत किंवा घरात काय बदललं, हे विचारलं की अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

पाणी बदलल्यावर काही तासांत मासे सैरावैरा पळत, काचेवर आपटत, कलंडत मेले तर बहुतेक क्लोरीन. आपलं नळाचं पाणी माणसांसाठी शुद्ध केलेलं असतं. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. आपल्याला त्याने काही होत नाही, पण माशाचे कल्ले तो भाजून काढतो. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की क्लोरीनचं प्रमाण वाढवतात, तेव्हा बादलीला नाक लावलं तरी वास येतो. उपाय स्वस्त आहे. दुकानात अँटी-क्लोरीनची बाटली मिळते. तिच्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणायचे तेच. बाटलीवर लिहिलेल्या मापाने बादलीत घालायचं, ढवळायचं, दोन-तीन मिनिटांनी पाणी वापरायचं. बाटली नसेल तर पसरट बादलीत किंवा घमेल्यात पाणी चोवीस तास उघडं ठेवा, जमल्यास त्यात एअर पंपाची नळी सोडा, क्लोरीन उडून जातो. तोंड अरुंद असलेल्या कॅनमध्ये झाकण लावून ठेवलेलं पाणी 'शिळं' झालं तरी उपयोग नाही. आमच्या मजल्यावरच्या एका आजींनी तांब्याच्या घंगाळात पाणी मुरवलं होतं, शुद्ध म्हणून. तांबं माशांना घातक असतं आणि कोळंबी-गोगलगायींना तर अगदीच चालत नाही. प्लॅस्टिकची बादली बरी, आणि ती फक्त टाकीसाठीच ठेवा. साबणाचा अंश राहिलेली बादली हाही एक छुपा मारेकरी आहे.

नवीन टाकीत तिसऱ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत एकेक मासा सुस्तावला, तळाशी पर मिटून बसला किंवा वर येऊन धापा टाकू लागला, कल्ले लालभडक दिसले, तर तो अमोनिया. दोन ते चार आठवड्यांनी, अमोनिया उतरल्यावर पुन्हा तसंच झालं आणि कल्ले तपकिरी वाटले तर नायट्राइट. नायट्राइट रक्तात जाऊन त्याची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतो, त्यामुळे पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. पहिला महिना निभावला म्हणून आनंदात आणखी चार मासे आणणारे इथे अडकतात.

टाकी धुतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि असं पुन्हा पुन्हा, तर ती माझी केस. वर सांगितली.

मासे रात्री ठणठणीत होते आणि पहाटे सगळे एकदम गेले, तर प्राणवायू. विशेषतः एप्रिल-मे. पाणी जितकं तापतं तितकी हवा त्यात कमी मावते. २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशाला साडेसात. त्यात टाकीत खऱ्या वनस्पती दाट असतील तर दिवसा त्या प्राणवायू देतात, पण रात्री त्याही माशांच्या बरोबरीने तो वापरतात. वर मध्यरात्री वीज गेली आणि फिल्टर थांबला की पहाटेपर्यंत सगळा हिशेब आटोपतो. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावा. नसेल तर वीज जाईल तेव्हा तांब्याने टाकीतलंच पाणी वर घेऊन फूटभर उंचीवरून परत सोडत राहा. प्लॅस्टिकच्या तांब्याने, हे आता सांगायला नको.

महिनोन्महिने सगळं छान आणि एका दुपारी अचानक चार मासे आडवे. ही केस मला सगळ्यात अवघड गेली, कारण त्या घरातल्या मुलाने काहीच चुकवलं नव्हतं. स्पंज जपून धुवायचा, खाद्य बेताचं, पाणी दर आठवड्याला थोडं बदलायचा. अँटी-क्लोरीनही घालत होता. खूप विचारल्यावर कळलं की त्या आठवड्यात सोसायटीत टँकर आला होता. नळाला नेहमी येतं ते पवनेचं पाणी तसं मऊ. टँकरचं पाणी बोअरचं, क्षारांनी जड, आणि त्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं की अल्कलीकडे ते सांगणारा आकडा, बराच वर. टाकीत थोडाफार अमोनिया साठलेला असू शकतो, पण पीएच ७ च्या आसपास असला तर त्यातला शंभरात एक हिस्सासुद्धा विषारी रूपात नसतो. पीएच ८ वर गेला की तो हिस्सा जवळपास दहापट होतो. अमोनिया तेवढाच, विष मात्र दहापट. म्हणून टँकरच्या दिवसांत एकावेळी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पाणी बदलू नका. आधी आलेलं नळाचं पाणी दोन कॅन भरून बाजूला ठेवता आलं तर उत्तम.

याच्या उलट टोकाला घरच्या आरओचं पाणी भरणारे. "सगळ्यात शुद्ध पाणी घातलं हो." त्यात क्षार जवळपास उरलेलेच नसतात, पीएच कधी कुठे घसरेल भरवसा नाही, आणि गप्पी-मॉलीसारख्या माशांना तर थोडं जड पाणीच मानवतं. तुमच्या नळाच्या पाण्यात काही मोठी अडचण नसेल तर क्लोरीन काढून तेच वापरा.

पाणी ठीक, फिल्टर ठीक, तरी तासाभरात सगळे गेले, तर घराकडे बघा. डासांचं लिक्विड मशीन टाकीशेजारच्या प्लगमध्ये लावलं आहे का? त्यातली पायरेथ्रॉइड जातीची औषधं माशांना अत्यंत विषारी असतात आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. झुरळांचा फवारा, पेस्ट कंट्रोल, दिवाळीआधीचं रंगकाम, हातावरचं मच्छर मलम, सगळं याच खात्यात. फवारणीच्या दिवशी टाकीवर ओलं जाड कापड टाका आणि पंपाची हवा दुसऱ्या खोलीतून घ्या किंवा टाकीच हलवा.

नाल्यातला गप्पी का मरत नाही?

हा प्रश्न मला एका सहावीतल्या मुलीने विचारला आणि तो मला सगळ्यात आवडतो. आपल्याकडे आरोग्य विभागाचे लोक डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून विहिरीत, डबक्यात, गटारात गप्पी मासे सोडतात. मूळचा दक्षिण अमेरिकेचा हा मासा भारतात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला तोच या कामासाठी. गटारात तो जगतो, वाढतो, पिल्लं घालतो. आणि आपल्या दिवाणखान्यात, फिल्टर, दिवे, महागडे दाणे असूनही आठवडाभरात मरतो.

कारण डबक्याला कोणी रविवारी मीठ-लिंबू लावत नाही. तिथे पाणी भरपूर असतं, तळाशी चिखल असतो, दगडावर शेवाळं असतं, म्हणजे विरजण जागोजागी लागलेलं असतं. दाणे टाकायला कोणी येत नाही, तो आपल्या अळ्या शोधून खातो. पाणी एका दिवसात कधी बदलत नाही. जे बदलतं ते हळूहळू, आणि माशाला तेवढीच सवड लागते. दुकानातले झुपकेदार शेपटीचे गप्पी गटारातल्यांइतके काटक नसतात हे खरं, पण मूळ फरक तो नाही.

दाण्यांचं तर सांगू नये. आमच्या घरी मुलगी शाळेत जाताना दाणे टाकायची, दुपारी आई टाकायची, कारण "बिचारे वर येऊन बघतात", आणि रात्री कामावरून आल्यावर मी. तिघांनाही वाटायचं आपण दिवसातून एकदाच घालतोय. माशाला पोट भरल्याचं कळत नाही, आणि त्याचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं असतं. दोन मिनिटांत संपेल इतकंच, दिवसातून एकदा, एकाच माणसाने. डबा त्या माणसाच्या कपाटात ठेवा. चार-पाच दिवस गावाला जाणार असाल तर काहीच घालू नका, मोठे निरोगी मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. शेजाऱ्यांना डबा देऊन जाणं सगळ्यात धोक्याचं. ते बिचारे मनापासून घालतात.

टाकी किती लिटरची, मासे किती

इंचात लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ६१, म्हणजे लिटर. माझी टाकी ३५ लिटरची भरली. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर ३०. त्यात सहा गोल्डफिश! गोल्डफिश दुकानात दोन बोटं असतो, नीट वाढला तर वीतभर होतो, आणि तो घाण भरपूर करतो. ३५ लिटरमध्ये एकही नको. 'शार्क' म्हणून विकतात तो तर शार्क नसतो, तो पंगस जातीचा मासा आहे आणि नदीत मीटरभराहून मोठा होतो. काच पुसतो म्हणून गळ्यात मारलेला सकरही फूटभर वाढतो. गोल भांड्यात तर कोणताच मासा ठेवू नका. फायटर वरची हवा घेऊ शकतो म्हणून भांड्यात तग धरतो, पण अमोनिया त्यालाही लागतो. त्याच्यासाठीही दहा-पंधरा लिटर आणि छोटा स्पंज फिल्टर ही कमीत कमी सोय.

३५ लिटरच्या टाकीत पाच-सहा गप्पी, तेही सगळे नर. नाहीतर दोन महिन्यांत पन्नास होतात आणि पुन्हा माझ्याच दारात येता.

निळं औषध

मासे मरू लागले की दुकानातून निळ्या औषधाची बाटली हमखास येते. मिथिलीन ब्लू. बुरशीवर ते काही प्रमाणात चालतं, पण ते टाकीतच ओतलं तर फिल्टरमधलं विरजणही मारतं. मग अमोनिया चढतो, आणखी मासे मरतात आणि आणखी औषध पडतं. औषध द्यायचंच असेल तर आजारी मासा वेगळ्या बादलीत काढून द्या. बादलीत एअर पंप हवा आणि पाणी रोज बदलायचं. आणि औषधाआधी टाकीतलं पाणी तपासा. पाणी वाईट असताना दिलेलं औषध वाया जातं.

खरे रोग अर्थात असतात. थंडीत सर्रास दिसतो तो पांढऱ्या ठिपक्यांचा, अंगावर रवा सांडल्यासारखा. पाणी एका रात्रीत पाच-सहा अंश उतरलं की माशांची ताकद कमी होते आणि हा परजीवी अंगावर बसतो. यात मेख अशी की ठिपका अंगावर असताना औषध त्याला लागत नाही. तो गळून तळाशी पडतो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात, आणि ती मासा शोधत पोहत निघतात तेवढ्याच वेळात औषध त्यांना मारू शकतं. म्हणून ठिपके दिसेनासे झाल्यावरही आठ-दहा दिवस उपचार चालू ठेवायचे. इथे मात्र सगळ्या टाकीलाच उपचार लागतात, एक मासा बाजूला काढून भागत नाही. हीटरने पाणी दिवसाला एक-दोन अंश करत ३० पर्यंत नेलं की हे चक्र लवकर फिरतं. हवा वाढवायला विसरू नका. हिवाळ्यात ५० वॉटचा हीटर अशा टाकीला पुरतो, आणि तो मुळात असेल तर ठिपके येतातच कमी.

खवले उभे राहून मासा अननसासारखा फुगला तर फारसं हातात राहत नाही. वेगळा ठेवा, पाणी स्वच्छ ठेवा, मुलांना खरं सांगा.

आत्ता मासे वर येऊन धापा टाकत असतील तर

खाद्य बंद. एअर पंप पूर्ण जोरात, नसेल तर फिल्टरचं तोंड वर करा म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ढवळला जाईल. मग अँटी-क्लोरीन घातलेलं, टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट-गार असलेलं पाणी घेऊन एक तृतीयांश ते निम्मं पाणी बदला. हात बुडवून फरक जाणवू नये. टँकरचे दिवस असतील तर एकदम निम्मं नको, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. मेलेला मासा किंवा कुजलेलं पान शोधून काढा. सजावटीच्या पेटीमागे हमखास असतं काहीतरी. खडी धुवायची नाही, स्पंजला हात लावायचा नाही. नायट्राइटचा संशय असेल तर १० लिटरला चहाचा एक चमचा साधं मीठ, आधी मगात विरघळवून, हळूहळू. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. मीठ वाफेबरोबर उडत नाही, त्यामुळे पुढे पाणी बदलाल तेव्हा बदललेल्या पाण्यापुरतंच पुन्हा घाला.

त्यानंतरचे सहा आठवडे म्हणजे नुसता धीर. थेंबांचं तपासणी किट घ्या, अमोनिया आणि नायट्राइटचं. पट्ट्यांपेक्षा ते भरवशाचं. एक दिवसाआड तपासा. कुठलाही आकडा लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या वर गेला की चौथाई पाणी बदला. नवीन मासा आणायचा नाही, कितीही रडारड झाली तरी. फिल्टर रात्री बंद करायचा नाही, आवाज येतो म्हणून तर नाहीच. काही तास पाणी वाहिलं नाही की स्पंजमधले जिवाणू गुदमरू लागतात. स्पंज अगदीच तुंबला तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच, बादलीत दोनदा हलकेच दाबून परत लावा. तो तपकिरीच राहिला पाहिजे. पांढराशुभ्र झाला की समजा पुन्हा पहिला दिवस.

हे सहा आठवडे दोनवर आणायचा एक मार्ग आहे, आणि तो आपल्या आज्यांना माहीत होता: शेजाऱ्यांकडून विरजण आणा. ज्यांची टाकी सहा महिने रोगाविना चालू आहे त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा, त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, तासाभराच्या आत आपल्या फिल्टरमध्ये बसवा. माझ्या फिल्टरमध्ये मी त्यासाठी जादाचे दोन तुकडे कायम घालून ठेवतो. बाटलीतले जिवाणूही मिळतात. काही उपयोगी पडतात, काहींत बाटलीवरच्या चित्राशिवाय काही नसतं.

पुढे आठवड्यातून एकदा, सायफनने, म्हणजे पाणी खाली खेचणाऱ्या नळीने, तळातली घाण ओढत, चौथाई पाणी. बस. रविवारचा उरलेला वेळ तुमचा.

आणखी एक. मासे सांभाळणं जमत नाही म्हणून ते पवनेत किंवा इंद्रायणीत सोडून देऊ नका. पुण्य लागत नाही. सकरसारखे परदेशी मासे आपल्या नद्यांत आणि धरणांत असेच शिरलेत, आणि जाळी फाटते ती कोळ्यांची. दुकानात परत द्या किंवा मला सांगा. मेलेला मासा कुंडीत पुरा, जास्वंदीला चांगला.

आणि तरीही एखादा गेलाच, तर बेल वाजवताना चार गोष्टी कागदावर लिहून आणा: टाकी किती लिटरची, आत किती मासे, शेवटचं पाणी कधी, कुठलं आणि किती बदललं, आणि मासा किती वाजता दिसला. पिशवी नाही आणली तरी चालेल.